सरदार चार, पलंग एक

परवाच्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, इंदिरानगरातल्या एका किराणा दुकानात, सात गिऱ्हाइकांच्या देखत, माझ्या उन्हाळी वाचनाची यादी मोठ्याने वाचून दाखवण्यात आली. चूक माझीच होती हे आरंभीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मनसोक्त तक्रार करता येईल. टेबलावर दोन कागद होते. एकावर महिन्याचा किराणा होता आणि दुसऱ्यावर मेअखेरपर्यंत वाचायच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा होत्या. दोन्ही कागदांचे फोटो काढून मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि किराणा सिडकोतल्या मैत्रिणीला गेला, प्रेमकथा दुकानदाराला गेल्या. मैत्रिणीचे तात्काळ उत्तर आले, "तूरडाळ दोन किलो हे कळले नाही. लेखिका नवीन आहे का?"

यादीत पुस्तकांची नावे असती, तर दुकानदाराला निदान संशय आला असता. पण अशा कादंबऱ्यांची नावे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्या ओळखल्या जातात त्यांच्या जातकुळीवरून, आणि इंग्रजीत या जातकुळींना रीतसर नावेही आहेत. नायक-नायिका जगाला दाखवण्यापुरते लग्न करतात ती एक जात, पहिल्या पानावर एकमेकांचा गळा धरतात आणि शेवटच्या पानावर एकमेकांच्या गळ्यात पडतात ती दुसरी, आणि वादळी रात्री गावातल्या एकमेव खाणावळीत एकच खोली आणि त्या खोलीत एकच पलंग शिल्लक असतो ती तिसरी. इंग्लंडातल्या ड्यूक लोकांच्या कथांचा वेगळाच प्रांत आहे. १८११ ते १८२० या नऊ वर्षांत तिकडे राजाचे डोके ठिकाणावर नसल्यामुळे युवराज कारभार पाहत होता, आणि यातल्या बहुतेक कथा त्याच नऊ वर्षांत दाटीवाटीने घडतात. त्या काळी सगळ्या इंग्लंडात ड्यूक होते मोजकेच. मी एकटीने आजवर चाळीसेक मार्गी लावले आहेत. मैत्रीण आणि मी त्यांना मराठीत 'सरदार' म्हणतो.

तेव्हा दुकानदाराला मिळालेला कागद असा होता: सरदार ४, खोटे लग्न २, भांडखोर शेजारी २, विधुर डॉक्टर १, बेकरी १, पलंग (एकच) १, बर्फात अडकलेले १. शेवटच्यापुढे 'मे महिन्यासाठी राखून ठेवणे' अशी सूचना होती, कारण पारा चाळिशीला टेकला की बर्फात अडकलेल्या जोडप्याइतके थंडावा देणारे दुसरे काही नाही, आणि कूलरपेक्षा ते स्वस्तही पडते.

मी पिशवी घेऊन दुकानात पोहोचले, तेव्हा शेठ कपाळाला हात लावून फोनकडे पाहत होते. "ताई, तुमची यादी आली," ते म्हणाले, "पण यातला बराचसा माल आपल्याकडे येत नाही." माल काढणारा पोरगा मागून म्हणाला, "भांडखोर शेजारी दोन तर ताईंना सोसायटीतच मिळतील की." गिऱ्हाइके हसली. इथवरचे मी सोसले असते. फोन हातात घेऊन, झालेला घोटाळा सांगून, खऱ्या यादीचा फोटो पाठवून मी पाच मिनिटांत बाहेर पडले असते, जर तेलाच्या डब्यांशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अप्पा बसलेले नसते.

अप्पा त्या दुकानात काही विकत घेताना मी कधी पाहिलेले नाही. ते प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, की नाशिककर नुसते 'प्रेस' म्हणतो तेव्हा त्याला वर्तमानपत्राचा छापखाना अभिप्रेत नसतो. नाशिकरोडला १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात, तो कारखाना अभिप्रेत असतो. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला जगातली कोणतीही गोष्ट मोजून जुळवल्याशिवाय पुढे सरकू देता येत नाही.

"पुन्हा वाच," अप्पा पोराला म्हणाले.

पोराने पुन्हा वाचले, आणि या खेपेला त्याच्या आवाजाला धार चढली होती, कारण एव्हाना श्रोते वाढले होते. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "एकूण नग बारा, तिथवर बरोबर आहे. पण सरदार चार आणि पलंग एक, यात कुठेतरी गफलत आहे."

"अप्पा, ती पुस्तके आहेत," मी म्हटले.

"पलंगाचे पुस्तक?"

"पलंग ज्यात आहे असे पुस्तक."

"पलंग कोणत्या पुस्तकात नसतो? माणसे आहेत म्हटल्यावर झोपणारच. त्याची यादीत नोंद कशाला?" यावर सात गिऱ्हाइकांसमोर काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही आणि आजही सुचलेले नाही. माझे मौन हे निरुत्तर होणे समजून अप्पा पुढच्या बाबीकडे वळले. "बरे, खोटी लग्ने दोन घेतलीत. मग खरे कुठे आहे?"

"खरे शेवटी होते."

"कोणाशी?"

"त्याच्याशीच."

"ज्याच्याशी खोटे झाले त्याच्याशीच? मग ते खोटे कसे? नोंदणी केली होती का?" काही कथांमध्ये नोंदणी झालेली असते, असे मी मान्य केले, आणि तिथेच फसले. "नोंदणी झाली असेल तर ते लग्न पहिल्या तारखेपासूनच खरे धरले जाते," अप्पांनी निकाल दिला. "म्हणजे अडीचशे पाने ती दोघे कायदेशीर नवराबायको असतात आणि त्यांना ठाऊक नसते. अशा माणसांची गोष्ट वाचायला तुम्ही पैसे मोजता?"

एवढ्यात साबुदाणा घ्यायला आलेल्या एका काकूंनी विधुर डॉक्टरची चौकशी सुरू केली. मुले किती, असे त्यांनी विचारले. सहसा एकच मुलगी असते, साधारण सहा वर्षांची, आणि तिच्यामुळेच सगळे जमते, असे मी सांगितले. दवाखाना स्वतःचा की भाड्याचा, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मी म्हटले, "काकू, तो कादंबरीतला आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू हाताशी आलेले स्थळ मी मुद्दाम लपवून ठेवते आहे.

अप्पांचे अजून संपले नव्हते. "शेवटी दरवेळी जमते?" त्यांनी विचारले. जमतेच, मी म्हटले. अमेरिकेतल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेने तर व्याख्याच तशी केली आहे: प्रेमाची गोष्ट केंद्रस्थानी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा, या दोन अटी पाळल्या नाहीत तर ते पुस्तक या जातीत मोडत नाही. "म्हणजे शेवट आधीच ठाऊक," अप्पा म्हणाले, "मग वाचायचे कशाला?"

या प्रश्नाची मात्र मी वर्षानुवर्षे वाट पाहत होते आणि माझे उत्तर तयार होते. "अप्पा, रामनवमीला तुम्ही दरवर्षी काळाराम मंदिरात जाता. दुपारी बारा वाजता राम जन्माला येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. तरी उन्हात उभे राहता ना?"

दुकान शांत झाले. शेठांनी तराजूवरचा हात काढला. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तिथे सुंठवडा मिळतो."

सगळे दुकान हसले, आणि त्या हशातच अप्पांनी शेवटचा घाव घातला, "कुसुमाग्रजांच्या गावात राहता तुम्ही, काहीतरी चांगले वाचा." हे वाक्य मला झोंबले, अजूनही झोंबते आहे. १९८७ चे ज्ञानपीठ या गावाच्या वाट्याला आले याचा मलाही अभिमान आहे, पण तो पुरस्कार कुसुमाग्रजांना मिळाला होता, अप्पांना नव्हे. आणि प्रेमावर कविता तर तात्यासाहेबांनीही लिहिल्या आहेत. या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या कपाटांतून तेव्हापासून नाशिककरांनी केवळ तत्त्वज्ञानच घरी नेले असेल, असे अप्पांना वाटत असेल तर ते त्यांना खुशाल वाटो.

आपल्याकडे हा आक्षेप जुनाच आहे. ना. सी. फडक्यांचे टेनिस खेळणारे, मोटारी हाकणारे नायक घरोघरी वाचले जात होते आणि घरोघरी नावेही ठेवली जात होती. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी माझी आजी त्यांचे पुस्तक पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवत असे. पुढे चंद्रकांत काकोडकरांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयाने सोडले, पण किराणा दुकान काही सोडत नाही.

मला खरा राग कशाचा येतो ते सांगते. आमचे यजमान दर रविवारी एक खून वाचतात. त्यांच्या उशाशी विषप्रयोग, बुडवून मारणे आणि तुकडे करून पेटीत भरणे अशी तीन पुस्तके आत्ता पडलेली आहेत, आणि त्यांना कोणी कधी दुकानात अडवून 'तुम्ही असले का वाचता' असे विचारलेले नाही. खुनी शेवटी सापडणार हे त्यांनाही आधीच ठाऊक असते. याशिवाय, ज्या क्रिकेट सामन्याचा निकाल आदल्या रात्रीच लागला, तोच सामना ते सकाळी पुन्हा पाहतात. माझ्या पुस्तकांत कोणी मरत नाही. फार तर एखादी चहाची किटली फुटते, एखादी जुनी आत्या घर विकायला काढते, आणि शेवटी दोन शहाणी माणसे एकमेकांची माफी मागतात. तुकडे करून पेटीत भरणे हा अभिरुचीचा विषय ठरतो आणि नवऱ्याने बायकोची माफी मागणे हा पोरकटपणा ठरतो. माफी मागणारा नवरा हीच मुळात अद्भुतकथा आहे, असे अप्पांनी म्हटले असते तर मी वाद घातला नसता.

आणि या यादीसाठी वेळ तरी कुठून काढायचा असतो! बाईच्या उन्हाळी सुटीत पाहुणे असतात, आंबे पिकत घालायचे असतात, आणि नाशिकच्या घरात नागलीचे पापड करायचे असतात. पहाटे उकड काढावी, ऊन चढण्याआधी पापड लाटून गच्चीवर नेऊन घालावेत, आणि मग कबुतरांपासून त्यांची राखण करावी. ही राखण करणे हेच माझे वाचनालय आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर, गच्चीच्या दाराच्या सावलीत, डोक्याला ओला पंचा गुंडाळून मी गेल्या नऊ उन्हाळ्यांत बसून वाचले आहे, आणि यादी बाराचीच का असते याचे कारणही तिथेच आहे: सहा आठवडे वाळवण चालते आणि आठवड्याला दोन पुस्तके होतात. पातळ पुस्तक, मोठा टाइप, दर दहा पानांनी उठून कबुतर हाकलले तरी तुटणार नाही असा धागा, या माझ्या अटी आहेत. थोर आणि दुःखी कादंबरी या कसोटीला उतरत नाही. मी एका वर्षी प्रयत्न केला होता. नायकाच्या एकाकीपणात मी इतकी बुडाले, की दीडशे पापडांपैकी चाळीस कबुतरांनी नेले, आणि नायक तरीही एकाकीच राहिला.

असो. त्या दिवशी शेवटी खरा किराणा मिळाला. घरी येऊन पिशवी उपसली, तर तळाशी खारीचा एक पुडा निघाला. मी खारी सांगितलेली नव्हती. बिल पाहिले तर त्यावर पोराच्या अक्षरात लिहिले होते, 'बेकरी १'. म्हणजे त्या सबंध दुकानात माझ्या यादीतली निदान एक बाब कोणीतरी गांभीर्याने घेतली होती. मी रागारागाने तो पुडा फोडला, आणि खारी बरी निघाली, हे नाइलाजाने नमूद करते.

त्यानंतर मी दोनदा त्या दुकानावरून गेले. पहिल्यांदा पोराने विचारले, "ताई, सरदार आले का?" दुसऱ्यांदा साबुदाण्याच्या काकूंनी हाक मारली आणि डॉक्टरांचे गाव कोणते ते विचारले. अप्पांनी काही विचारले नाही. त्यांनी नुसती चार बोटे वर केली, मग एक बोट वर केले, आणि मान हलवली.

आता मी रस्त्यापलीकडच्या दुकानात जाते. तिथे खुर्ची नाही आणि यादी कोणी वाचून दाखवत नाही, पण तूरडाळ किलोमागे सहा रुपयांनी महाग आहे. दोन किलोंचे महिन्याला बारा होतात, म्हणजे सरदारामागे तीन.