हरभऱ्याच्या झाडावर चढावं कसं

राजेहो, पैशाला स्वस्थ बसवत नाही. लहान पोरासारखं असतं ते. खेळायला काही दिलं नाही, की थेट डाळीच्या डब्यात हात.

२०२० च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला. तो दोन वर्षं तिथंच बसला. तिकडं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं इतके डॉलर सोडले की तिचा ताळेबंद दोन वर्षांत दुपटीच्या वर गेला. एफडीवर जेमतेम ५ टक्के. अशा वेळी तुमच्यासारख्या कर्तबगार माणसानं काय करावं? कारखाना काढावा? त्याला जागा लागते, वीज लागते, वरून माल विकावाही लागतो. त्यापेक्षा हरभरा घ्या. खायला नाही हो, वायद्यात; म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा आजच्या भावानं आज ठरवायचा.

एक सौदा तेव्हा १० टनांचा. क्विंटलला ५ हजार भाव धरला तर ५ लाखांचा माल; खिशातून जातो तो मार्जिनचा, म्हणजे अनामतीचा, लहानसा तुकडा. हरभऱ्यावरची घाटेअळी कशी दिसते हे ठाऊक नसलं तरी चालतं. फक्त मुदतीआधी उलटा सौदा करून तो कापायला विसरू नका. नाहीतर ५० किलोची २०० पोती तुमच्या नावावर, आणि नागपूरच्या मनीषनगरातला रिकामा फ्लॅट तर तुम्ही नुकताच भाड्यानं दिलेला.

शेतकऱ्याची काळजी नको. त्याचा हरभरा फेब्रुवारी-मार्चला नागपूरच्या कळमना बाजारात येतो, तेव्हाच गावच्या सोसायटीचं पीककर्जही भरायचं असतं. ढिगाशेजारी ढीग लागलेले, त्यात पडेल त्या भावात तो विकून गावी जातो. तेजी मागाहून येते. फार शिस्तीचा माणूस, मधे येत नाही.

कोणी सट्टेबाज म्हटलं तर अभिजित सेन समिती दाखवा. २००७ च्या जानेवारीत तूर-उडदाचे वायदे बंद झाले, मग ही समिती बसली. २००८ च्या अहवालात तिनं सांगितलं, वायद्यांनीच भाव चढले असं ठामपणे म्हणता येत नाही. चढले नाहीत, असंही ठामपणे म्हटलेलं नाही. पण अहवाल पूर्ण वाचतो कोण? शिवाय २०१५ साली तुरीचा वायदा बंदच होता आणि तूरडाळ गेली २०० रुपये किलोवर. म्हणजे तुम्ही निर्दोष!

(पैशाला वायदाच लागतो असं थोडंच आहे, ही शंका मनातच ठेवा.)

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सेबीनं, म्हणजे या बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, हरभऱ्याचे नवे सौदे थांबवले. ऑक्टोबरात मोहरी, डिसेंबरात गहू, मूग, सोयाबीनही त्याच रांगेत. तुम्ही घाबरू नका. वायदा बंद असला तरी गोदामाला दार असतं. माल आत टाका, पावती बँकेत गहाण ठेवा, आलेल्या कर्जातून आणखी माल घ्या, त्याची पावती पुन्हा गहाण. सरकारनं साठ्याला मर्यादा घातली तर मेहुणा आहे, भाचा आहे, साळ्याची बायको आहे. मर्यादा दरेकाला वेगळी. मोठं कुटुंब असावं ते यासाठीच.

एवढं सगळं जमलं, की सकाळी तर्री-पोहे खायला जा. प्लेटीतले चने मोजा. कालच्यापेक्षा कमी निघाले तर टपरीवाल्याला सोडू नका. "काहून रे, लुटतो का?" असं चारचौघांत विचारा, आणि वरून तर्री फुकट मागा.