"दिसले का गं?"

अंदमानहून येऊन आठवडा झाला. सेल्युलर जेल कसं वाटलं, हे कुणी फारसं विचारलं नाही. सावरकरांच्या कोठडीसमोर डोळे भरून येतात, हे आपल्याकडे जायच्या आधीच ठरलेलं असतं. पण लिफ्टमध्ये, ऑफिसात, सासूबाईंच्या फोनवर प्रश्न एकच, "ते आदिवासी दिसले का गं?"

दिसले. आणि मीही मान वाकडी करकरून बघत होते, हे आधीच कबूल करते.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला रस्त्याने गेलात तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. मध्यरात्री उठवून नेतात, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लावतात आणि मग सगळा ताफा एकदम सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. तरी आमच्या मागच्या सीटवर बिस्किटांचा पुडा तयार होताच. एका वळणावर दोन बायका आणि एक पोर उभं होतं. जेमतेम पाच-सहा सेकंद. "दिसले, दिसले!" गाडीत जो गलका झाला तो ताडोबात वाघ दिसल्यावर जिप्सीत होतो, अगदी तसाच. लाज मला तेव्हा वाटली नाही. रात्री हॉटेलवर वाटली.

राखीव जंगलातला हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं होतं. आम्ही त्याच रस्त्याने गेलो.

आल्यापासून वाचतेय. पहिला धक्का नावाचाच. 'जारवा' हे त्यांचं स्वतःचं नाव नाही. ते स्वतःला 'अंग' म्हणवतात. जारवा म्हणजे परके, आणि हा शब्द अका-बेआ भाषेतला. आज जिथे पोर्ट ब्लेअर आहे (हल्ली श्री विजयपुरम) तो मुलूख या बेआ लोकांचा. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली, पुढच्याच वर्षी अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन बंदुकांवर चालून गेले. पुढे त्यांच्यात गोवर आला, इतर रोग आले. बेआ संपले. त्यांनी शेजाऱ्यांना ठेवलेलं नाव तेवढं आपण अजून वापरतो. बेआ धरून ग्रेट अंदमानींच्या एकूण दहा जमाती होत्या, २०११ च्या जनगणनेत सगळ्यांची मिळून ४४ माणसं उरली होती. बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या आजी, बोआ सिनियर, २०१० मध्ये गेल्या.

म्हणून "जारवांना मुख्य प्रवाहात आणा" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमचे भाऊजी परवा जेवताना हेच म्हणाले. अहो, आणलं होतं की! इंग्रजांनी 'अंदमान होम' काढून ग्रेट अंदमानींना कपडे दिले, तंबाखू दिली, शिस्त लावली. त्यातून किती वाचले, तो आकडा वर आहे. दवाखान्याची वाट जारवांना मोकळी असावी, याबद्दल माझा वाद नाही. पण कुणाकडे कधी यायचं, हे त्यांनी ठरवावं.

आणि ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांच्या रीती तरी बघा. रॅडक्लिफ-ब्राउन नावाचा इंग्रज १९०६ ते १९०८ तिकडे राहिला, त्याने ग्रेट अंदमानींबद्दल लिहून ठेवलंय. बऱ्याच दिवसांनी भेटलेली दोन माणसं आधी बोलायची नाहीत. एक दुसऱ्याच्या मांडीवर बसायचं, गळ्यात हात टाकायचे आणि मोठ्याने रडायचं. रडून झालं की मग बातम्या. (आमच्या गावाकडे माहेरी आलेली लेक आणि तिची आई हेच करतात, फक्त मांडीवर कुणी बसत नाही.) निरोप घेताना समोरच्याचा हात तोंडाशी नेऊन त्यावर हळूच फुंकर घालायची. गेलेल्या माणसाची हाडं काही महिन्यांनी काढून, धुऊन, रंगवून, आठवण म्हणून अंगावर बाळगायची. गोऱ्यांनी ती हाडं पाहिली आणि 'नरभक्षक' या समजाला आणखी खतपाणी मिळालं. आपल्याकडेही अजून तेच पसरवतात.

मला सगळ्यांत आवडलं ते फुलांचं. रानात एकामागून एक झाडं फुलतात, त्यांच्या वासावरून वर्ष मोजायचं. आणि मुलीला पहिली पाळी आली की त्या वेळी जे झाड फुललं असेल त्याचं नाव तिला द्यायचं. पुढे मूल होईपर्यंत सगळे तिला त्याच नावाने हाक मारणार. कुणी पंचांग बघणार नाही, कुणी राशीचं अक्षर काढणार नाही.

हे सगळं काल सासूबाईंना फोनवर सांगितलं. 'दिसले का' विचारणाऱ्या त्याच. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं, तेही यांच्या आत्याच्या पसंतीचं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

मी काही बोलले नाही. त्याच पुढे म्हणाल्या,

"वैशाख होता गं तेव्हा. म्हणजे माझं नाव बहावा."