फॉर्मॅलिनवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

ऑटोरेडिओग्राफीवरच्या, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेलं हॉर्मोन टिश्यूत कुठं बसलंय ते फोटोच्या इमल्शनवर उमटवून बघायच्या पद्धतीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा वाटलं मीच काही भलतंच वाचायलोय. "टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये टाकला की स्टेरॉईड जागेवर बसतं, मग गोठवायचं, अंधारात बसायचं हे नाटक कशाला? लेखकाला साधी हिस्टॉलॉजी (टिश्यूचा सूक्ष्मदर्शीखालचा अभ्यास) येत नाही का?" आणि शेवटी हसणारा इमोजी. शंका विचारा की, कोण नको म्हणतंय, पण ही काय भाषा झाली?

लेख लांबलाय म्हणता, ते मान्य.

आता फॉर्मॅलिन, टिश्यू टिकवायचं द्रावण. ते मुख्यतः प्रोटीनच्या अमिनो गटांना धरून जोड लावतं. आपलं स्टेरॉईड हॉर्मोन इस्ट्राडायोल, त्यात नायट्रोजनच नाही, म्हणजे अमिनो गटही नाही, मग धरणार कशाला? हॉर्मोन रिसेप्टरमध्ये (त्याला धरणाऱ्या पेशीतल्या प्रोटीनमध्ये) नुसतं बसलेलं असतं, पक्का बंध नाही. पुढं पॅराफिनसाठी (मेणात बसवून काप काढायला) तुम्ही टिश्यू अल्कोहोलातून, मग झायलीनमधून काढणार आणि स्टेरॉईड विरघळतं ते नेमकं त्यातच, म्हणजे बरंचसं बाटलीत गेलं, उरलं ते सरकलं, आणि लई वाईट हे की स्लाईडवर ग्रेन (किरणांनी इमल्शनमध्ये उमटलेले काळे ठिपके) दिसतात तरी, फक्त कुठले कुठं! खूण म्हणून लावलेल्या ट्रिटियमचा (किरणोत्सर्गी हायड्रोजनचा) बीटा कण टिश्यूत जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जातो, म्हणून तर ग्रेन न्यूक्लियसवर आहे का बाहेर ते सांगता येतं. रेणूच जागचा हलला तर त्या बारकाव्याचं करायचं काय?

स्टम्फ आणि रॉथ या संशोधकांनी 1966 मध्ये ट्रिटियम लावलेलं इस्ट्राडायोल घेऊन सहा पद्धती शेजारी-शेजारी ताडून बघितल्या. गोठवून सुकवलेला सेक्शन (टिश्यूचा पातळ काप), आधीच इमल्शन लावून वाळवलेल्या स्लाईडवर कोरडाच बसवायचा, मध्ये कुठलाही द्रव नाही, या पद्धतीचा आग्रह तिथून आलाय. माझ्या डोक्यातून नाही.

आणि "साधी हिस्टॉलॉजी" मला शिकवू नका. परभणीत असताना आम्ही लिक्विड नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनवाल्यांच्या जारमधून मागून आणायचो, मे महिन्यात लाईट गेली की क्रायोस्टॅट (गोठलेल्या टिश्यूचे काप काढायचं थंड यंत्र) तापायचा, सेक्शन ब्लेडला चिकटून गोळा व्हायचे, अख्खा ब्लॉक वाया जायचा, तरी कुणी फॉर्मॅलिनची बाटली उघडली नाही. तुम्ही कधी क्रायोस्टॅटपुढं बसलात का?

"आता अँटीबॉडी असताना हे कोण करतं" म्हणता. अँटीबॉडीनं रिसेप्टर दिसतो, आत आलेलं हॉर्मोन नाही. एक्स्पोजरला (स्लाईड अंधारात ठेवून ग्रेन उमटायला) महिने लागतात म्हणता, लागतात, घाई असेल त्यानं दुसरं काम बघावं.

तरी तुमची पॅराफिनची स्लाईड असेलच तर टाका इथं. पण सोबत लेबल नसलेलं इस्ट्राडायोल भरपूर देऊन केलेला कंट्रोल (तुलनेची स्लाईड) पाहिजे, ते रिसेप्टरची जागा अडवतं, म्हणून न्यूक्लियसवरचे ग्रेन त्यात कमी झालेले दिसले पाहिजेत. तो नसेल तर पुढच्या प्रतिक्रियेला मी उत्तर देणार नाही.