दाजी, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे!

परवा रात्री ड्यूटीवर असताना घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘ड्रायव्हर बांधवांनो सावधान! झोप-तपासणीचा नवा धंदा!’ खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह आणि शेवटी ‘किमान दहा ड्रायव्हर भावांना पाठवा’. हा मेसेज मी याआधी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा सोडून दिला होता. या वेळी तो पाठवला होता आमच्या दाजींनी. वर स्वतःची एक ओळही जोडली होती: ‘वाचा, डोळे उघडतील.’

दाजी बावीस वर्षं अवजड गाडी चालवतात. मी झोप-तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लोक झोपतात आणि मी शेजारच्या खोलीत बसून रात्रभर त्यांच्या श्वासाच्या रेषा बघतो. मेसेज आला तेव्हाही एक जण झोपलेला होता. त्याच्या रेषा बघत बघतच हे उत्तर लिहायला घेतलं. चिडून लिहिलंय, हे आधीच सांगून टाकतो.

‘घोरणं ही गाढ झोपेची खूण आहे. कष्टाचं खाणारा माणूसच घोरतो.’ हा पहिला मुद्दा.

घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, एवढं मान्य. पण गाढ झोपेची खूण? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि त्या फटीतून हवा शिरताना आतले मऊ पडदे थरथरतात, त्याचा तो आवाज. काहींची वाट इतकी मिटते की आवाजच बंद होतो. घरच्यांना वाटतं, चला, लागला एकदाचा डोळा शांत. त्या शांततेत माझ्या पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. नाकापाशी लावलेल्या नळीची रेषा सपाट होते. छाती आणि पोट मात्र हलत राहतात, तेही उलटसुलट, एक वर तर दुसरं खाली, कारण आतून बंद दारावर धडका चालू असतात. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागतो. ९४, ९१, ८६. मग मेंदूच्या रेषेत खळबळ उडते, माणूस फुरफुरून एक मोठा श्वास घेतो, कूस बदलतो. मिनिटभरात पुन्हा तेच.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक मोजायचा. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तोही मोजायचा. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पंधराच्या वर मध्यम, तिसाच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी खांदा धरून हलवल्यासारखं, आणि तेही रात्रभर. सकाळी त्याच माणसाला विचारा. ‘मस्त झोपलो की’ म्हणतो. खोटं बोलत नसतो बिचारा, त्यातलं एकही उठणं त्याला आठवत नाही.

दुसरा मुद्दा, ‘हा आजार फक्त जाड लोकांना होतो.’ जाड माणसांत जास्त आढळतो, खरं आहे. मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर गेला की आम्हीही कान टवकारतो. पण जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर काटकुळ्या माणसालाही होतो. दाजी सडपातळ आहेत, म्हणून हा मुद्दा त्यांना विशेष पटला असावा.

तिसरा मुद्दा शेवटी घेतो. माझं डोकं फिरलं ते तिथेच.

‘कायद्यात झोप-तपासणी सक्तीची नाही. अमेरिकेनेसुद्धा २०१७ मध्ये नियम मागे घेतला. हा सगळा मशीनवाल्यांचा डाव आहे.’ (मशीन म्हणजे अ‍ॅप्नियावरचं, झोपताना लावायचं यंत्र.) हा चौथा मुद्दा कुणीतरी जरा अभ्यास करून लिहिलाय, आणि नाइलाजाने सांगतो, त्यातला निम्मा खरा आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये ट्रक, बस आणि रेल्वेच्या चालकांसाठी असा नियम करायच्या हालचाली सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्या गुंडाळल्या गेल्या. पण गुंडाळला तो नवा प्रस्ताव. तिथे ट्रक-बसच्या ड्रायव्हरला निदान दर दोन वर्षांनी मेडिकल द्यावंच लागतं. गाडी सुरक्षित चालवण्याच्या आड येईल असा श्वसनाचा विकार असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही, ही अट आधीपासून होती आणि आजही आहे. संशय आला तर डॉक्टर झोप-तपासणीला पाठवू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धं पान वाचून पुस्तक मिटलं.

त्या हालचाली सुरू झाल्या त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, न्यू जर्सीतल्या होबोकेन स्टेशनात एक लोकल न थांबता थेट शेवटच्या अडथळ्यावर आदळली. फलाटावर उभी असलेली एक बाई गेली, शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. निष्कर्ष असा, की चालकाला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया होता आणि तोवर तो कुणालाच माहीत नव्हता. त्या रेल्वेकडे अशा चालकांना हेरून तपासणीला पाठवण्याची स्वतःची पद्धत कागदावर होती, ती पाळली गेली नाही, असंही मंडळाने लिहिलंय. हा पण मशीनवाल्यांचाच डाव का?

एक मात्र कबूल करतो. मानेचा घेर आणि वजन बघून पाठवलेल्या सगळ्यांनाच आजार निघत नाही. तपासणीपायी ज्याच्या फेऱ्या बुडतात त्याचा राग मला कळतो. मालकाने तो खर्च उचलावा म्हणून मेसेज फिरवा, पहिला मी पुढे पाठवीन.

पाचवा मुद्दा, ‘मशीन लावलं की फुप्फुसं आळशी होतात, मग जन्मभर सुटत नाही.’ हे मशीन म्हणजे सीपॅप, ते काही व्हेंटिलेटर नाही. ते तुमच्याऐवजी श्वास घेत नाही. नाकातून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी धरतं, बस. खचणाऱ्या मांडवाला आतून टेकू द्यावा तसं. श्वास तुमच्याच छातीने घ्यायचा. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती पहिल्यांदा जगापुढे मांडली, तेव्हाची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायची. आताची उशाशी गुणगुणत पडून असतात. मास्कचा वळ उठतो, तोंड कोरडं पडतं, सुरुवातीला घुसमटल्यासारखं वाटतं, सगळं खरं. काहींचं वजन उतरल्यावर मशीन सुटतं, काहींना जबडा पुढे धरणारी कवळीही चालते. फुप्फुसं आळशी झालेला रुग्ण मात्र मी अजून पाहिलेला नाही.

सहावा मुद्दा सगळ्या ड्रायव्हरांच्या आवडीचा. ‘खरा ड्रायव्हर स्वतःची झोप ओळखतो. काच खाली करा, गाणी लावा, चहा घ्या.’

ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या पाचशेहून जास्त ड्रायव्हरांना झोपताना लावायचं यंत्र देऊन बघितलं. अ‍ॅप्नियाचं निदान आधी झालेले होते ४.४ टक्के. यंत्राने आणखी ४१ टक्के जणांत तो असण्याची शक्यता दाखवली. एवढं ओळखतो खरा ड्रायव्हर! आणि डुलकी सांगून येत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद पापणी मिटली की १०० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. थंड वारा आणि रेडिओ यांची परीक्षाही ब्रिटनमध्ये १९९८ मध्येच झाली आहे, परिणाम जेमतेम आणि थोड्या वेळापुरता. चहा-कॉफीला मात्र मी नावं ठेवणार नाही. कॅफीनने जाग येते, पण अंगात भिनायला अर्धा तास लागतो. गाडी बाजूला घ्या, कॉफी प्या आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. ते मिटलेले डोळेच मेसेजमध्ये कुठे नाहीत.

सातव्या मुद्द्यात दोन उपाय आहेत. रात्री तोंडाला चिकटपट्टी आणि झोपण्याआधी एक पेग. ज्याचा घसा आधीच मिटतोय त्याच्या तोंडालाही पट्टी? नाक चोंदलं तर हवा यायची कुठून? दारूने तर घसा आणखी सैल पडतो, आणि श्वास अडला की मेंदू जो दचकून जागा होतो तोही उशिरा होतो. पेग घेतलेल्या माणसाची रात्र मी रेषांवरून सहसा ओळखतो. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

आता तिसरा मुद्दा. ‘मेडिकलच्या फॉर्मवर घोरता का, दिवसा झोप येते का, सगळ्याला नाही लिहा. एकदा हो लिहिलं की लायसन कायमचं गेलं.’

कायमचं? युरोपात २०१४ च्या नियमावलीनुसार मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यालाही लायसन मिळतं. अट एवढीच, की आजार आटोक्यात असावा, उपचार चालू असावेत आणि दिवसा येणारी पेंग कमी झालेली असावी. अवजड गाडीवाल्याने जास्तीत जास्त वर्षाने पुन्हा दाखवायचं. मधे गाडी थांबते, खोटं बोलणार नाही. पण ती थांबते उपचार लागू पडेपर्यंत.

उपचार घेतलेला ड्रायव्हर पुढे कसा चालवतो, याचं उत्तर २०१६ मध्ये ‘स्लीप’ या संशोधनपत्रिकेत आलंय. सगळ्यांनी हे एकच वाचलं तरी माझं काम झालं. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीने आपल्या ड्रायव्हरांची तपासणी केली, आजार निघालेल्यांना मशीन दिलं, आणि ते किती वापरलं जातंय हे मशीनमधल्या नोंदीवरून बघितलं. आजार असलेले १,६१३ ड्रायव्हर, आणि तुलनेला आजाराची शक्यता नसलेले २,०१६. ज्यांनी मशीन लावलंच नाही, त्यांचे टाळता येण्यासारखे गंभीर अपघात या तुलनेतल्या ड्रायव्हरांच्या पाचपट. ज्यांनी नीट लावलं, त्यांचे निरोगी ड्रायव्हरांइतकेच. म्हणजे धोका होता तो उपचार न घेतलेल्या आजारात. आणि ‘नाही लिहा’ या सल्ल्याने नेमकं काय होतं? आजार गाडीत राहतो, उपचार बाहेर.

मशीनमधली तीच नोंद पुढच्या मेडिकलला ड्रायव्हरच्या बाजूने साक्ष देते. किती रात्री लावलं, किती तास लावलं, सगळं त्यात असतं. रात्रीला निदान चार तास आणि दहातल्या सात रात्री, एवढ्यावर बहुतेक डॉक्टर समाधान मानतात. ‘मी व्यवस्थित झोपतो हो’ या वाक्याला एवढं वजन कधी येणार?

आणि मेडिकलचा डॉक्टर तुम्हाला जागेपणीच बघतो. रक्तदाब मोजतो, तक्ता वाचून घेतो, लघवी तपासतो. झोप त्याला दिसत नाही. तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब, जाड मान, सकाळची डोकेदुखी, असल्या खुणांवरून तो अंदाज बांधतो. बाकी सगळी भिस्त तुमच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर. हृदयाच्या तक्रारीला ‘नाही’ लिहिलं तरी ईसीजीत काहीतरी सापडू शकतं. इथे खोटं बोललात की परीक्षा तिथेच संपली.

त्यातही एक गंमत आहे. ‘झोपेत तुमचा श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का?’ हा आमच्या नेहमीच्या प्रश्नावलीतला प्रश्न. त्याचं उत्तर झोपणाऱ्याला देताच येत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याकडे असतं. महिन्यातल्या निम्म्या रात्री केबिनमध्ये एकटा झोपणाऱ्या माणसाला साक्षीदार कुठून मिळणार? तो ‘नाही’ लिहितो तेही मनापासून.

दाजींच्या बाबतीत साक्षीदार आहे. मेसेज आल्यानंतर वीस मिनिटांनी ताईने मला वेगळा फोन केला. दाजी घरी असले की ती उशिरापर्यंत जागी असते, मोजत. ‘बंद पडतात रे मधेच,’ म्हणाली. तिने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी तो प्रयोगशाळेतच कानाला लावून ऐकला. घोरणं, घोरणं, मग काहीच नाही. घड्याळ लावलं. ३८ सेकंद. मग ते फुरफुरणं, जे मी रोज रात्री ऐकतो, फक्त या वेळी माणूस ओळखीचा होता.

दाजींचं मेडिकल तीन आठवड्यांवर आलंय. घरी लावायचं तपासणी-यंत्र घेऊन मी शनिवारी जातोय. फोन केला तर दाजी म्हणाले, ‘मेसेज वाचलास ना?’ म्हटलं, वाचला, सातही मुद्दे. तुम्ही ताईचं ३८ सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकलंत का? थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, ‘ये शनिवारी. बघू.’