फिर्याद पातळ करण्याची कृती

ठाणे अंमलदार म्हणून तुमची पहिलीच रात्रपाळी असेल आणि डोके फुटलेला माणूस ‘जातीवरून मारलं’ म्हणत समोर उभा राहिला, तर गांगरू नका. ॲट्रॉसिटी कायदा 1989 चा आहे. आपले टेबल त्याहून जुने.

आधी त्याला बाकावर बसवा. ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ हे वाक्य बाराही महिने चालते. तरी हलला नाही, तर हद्द दुसऱ्या ठाण्याची सांगा. शून्य क्रमांकाने गुन्हा कुठेही नोंदवता येतो, हे त्याला ठाऊक नसले म्हणजे झाले. कलम 18अ नुसार गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. म्हणून चौकशी हा शब्दच उच्चारू नका. ‘अर्ज ठेवून जा, बघतो’ म्हणा. पोच मात्र देऊ नका.

खरी कारागिरी फिर्याद लिहिण्यात. तो सांगेल, ‘चौकात, दहा माणसांसमोर, जातीचं नाव घेऊन शिव्या दिल्या.’ तुम्ही लिहा, ‘अश्लील शिवीगाळ केली.’ तीन शब्दांत जात गेली, चौक गेला, दहा साक्षीदार गेले. अपमान चारचौघांच्या नजरेसमोर झाला हे कोर्टात दाखवावे लागते, तेव्हा जागा तर हमखास गाळा. कारण ‘बांधावरून जुना वाद’. फिर्यादीला शेत नसले तरी चालते. सहीआधी मजकूर वाचून दाखवा असे कलम 4 सांगते. सही आधीच घेतली की प्रश्न मिटतो. आठवड्याने पुरवणी जबाबात तो जातीचा उल्लेख करील. खुशाल करू द्या, आरोपीचा वकील त्यालाच ‘मागाहून सुचलेले’ म्हणणार आहे.

मग समोरच्या पार्टीकडून उलट तक्रार घ्या, शक्यतो जबरी चोरीची. तडजोडीला वजन येते. ही तक्रार मात्र तासाभरात नोंदवायची.

नियम 7 प्रमाणे तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. जबाब हवालदाराने घेतले, की बचावाला आयता मुद्दा. आरोपपत्राला 60 दिवस आहेत. ‘जातीचा दाखला यायचा आहे’ एवढ्यावर ते सहज संपतात. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी, कलम 15अ. द्या ना. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी.

हे जमेल का, अशी शंका येईल. 2006 साली खैरलांजीत एकाच घरातली चार माणसे मारली गेली. आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटीचे कलम ना भंडाऱ्याच्या कोर्टात टिकले, ना नागपूर खंडपीठात.

राहिली तुमची काळजी. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद, हेही कलम 4 मध्येच आहे. पण त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि ती चौकशी साहेबांनी करायची. साहेब सध्या बंदोबस्तात आहेत.