घाटात एसी बंद करू नका: ‘काचेवरच्या वाफेची सहा गुपितं’ या फॉरवर्डला उत्तर

पाऊस धरला की हा मेसेज दरवर्षी उगवतो. ‘गाडीच्या काचेवर वाफ धरते? जुन्या मेकॅनिकची सहा गुपितं, जरूर शेअर करा.’ काल तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि शनिवारी पोराबाळांसकट आंबोलीला निघालेल्या मामांनी त्याखाली लिहिलं, ‘छान माहिती, करून बघतो.’ म्हणून हे तातडीने लिहावं लागतंय. त्या सहातली दोन बिनकामाची आहेत, एक अर्धंमुर्धं खरं आहे, आणि उरलेली तीन ऐन वळणावर समोरचा रस्ता दिसेनासा करतील अशी आहेत.

मुळात पहिला प्रश्नच त्या मेसेजात नाही: वाफ काचेच्या आतून धरलीय की बाहेरून? आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आतल्या बाजूला आहे. वायपर एकदा मारल्यावर काच साफ झाली तर बाहेरच्या बाजूला. हे बघायला पाच सेकंद लागतात, आणि ते बघितल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. जुलैत खाली कोकणात हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते तो, 25च्या आसपास असतो. एसीने काच त्याहून गार केली की पाणी बाहेरून धरतं. वर घाटमाथ्यावर बाहेर 20 अंश, काच गार, आणि आत पाच माणसं श्वास सोडत बसलेली. तिथे आतून धरतं. एकाच प्रवासात, तासाभराच्या अंतराने, दोन्ही प्रकार होतात.

आता पहिलं गुपित. ‘पावसात बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून रीसर्क्युलेशनचं बटण कायम चालू ठेवा आणि एसी बंद ठेवा, मायलेजही वाचेल.’ रीसर्क्युलेशन म्हणजे बाहेरची हवा न घेता गाडीतलीच हवा फिरवत ठेवणं. सगळ्यात जास्त नुकसान हेच करणार आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

यात एक गोष्ट खरी आहे आणि ती नाकारत नाही. पावसाळ्यात बाहेरची हवा ओलीच असते. थंड देशांतले सल्ले ‘बाहेरची हवा आत घ्या’ म्हणून थांबतात, कारण तिथल्या हिवाळ्यात 5 अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त 7 ग्रॅमच पाणी मावतं. आपल्याकडे 20 अंशाला 17 ग्रॅम मावतं आणि घाटात हवा जवळपास काठोकाठ भरलेली असते. म्हणजे नुसती बाहेरची हवा घेऊन काच सुकणार नाही, इथवर ठीक. पण दार लावून घेतल्याने पाणी येणं थांबत नाही, कारण ते पाणी तुमच्यातूनच येतंय. एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 30 ग्रॅम पाणी सोडतो. पाच माणसांचे झाले 150. गाडीच्या आतली जागा साधारण 3 घनमीटर, त्यातली हवा आधीच ओलीने भरलेली. काच 20 अंशावर असेल तर दोन-चार मिनिटांत आतून पडदा चढतो. त्यात मंडळी धबधब्याखाली भिजून तशीच गाडीत बसलेली असतील तर तेवढाही वेळ लागत नाही.

काचा बंद असताना हे पाणी हवेतून काढणारी एकच वस्तू आहे: एसीची कूलिंग कॉइल. ती 4-5 अंशांपर्यंत गार होते, हवा तिच्यावरून जाताना पाणी कॉइलवर धरतं आणि ड्रेन पाइपातून रस्त्यावर ठिबकतं. एसी म्हणजे नुसता गारवा नव्हे, हवा सुकवण्याचं यंत्रही तेच. रीसर्क्युलेशनवर ते बंद केलं की काच सुकवायला दुसरं काही उरत नाही.

आणि इथे आपली ती जुनी सवय आडवी येते: घाट चढताना ‘गाडी ओढत नाही’ म्हणून एसी बंद करायचा. तासभर चाललेली कॉइल ओलीचिंब असते. कॉइल गार करणारा कॉम्प्रेसर थांबला, ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) मात्र चालू, म्हणजे तोच ब्लोअर कॉइलवरचं पाणी उचलून परत गाडीत आणतो. रीसर्क्युलेशन चालू असेल तर बाहेर जायलाही वाट नाही. मिनिटाभरात अख्खी काच पांढरी. हे नेमकं चढावर, वळणावर होतं, कारण एसी बंद करण्याची जागाच ती असते. गाडी ओढत नसेल तर एक गिअर खाली घ्या. एसी चालू राहू द्या.

आतून वाफ धरली तर करायचं ते असं. एसी चालू. हवेचा खटका बाहेरची हवा घेण्यावर. दिशेचा नॉब पुढच्या काचेच्या चिन्हावर. तापमानाचा नॉब मध्याच्या पुढे, लालच्या बाजूला. ब्लोअर तीनवर किंवा चारवर. एसी आणि हीटर एकत्र लावायचे नसतात हा गैरसमज पुष्कळांना आहे. तसं नाही. हवा आधी कॉइलवर सुकते, मग हीटरवर कोमट होते, आणि कोमट कोरडी हवाच काच सगळ्यात लवकर साफ करते. हीटर इंजिनच्या गरम कूलंटवर (इंजिनात फिरणाऱ्या, ते थंड ठेवणाऱ्या द्रवावर) चालतो, त्यामुळे गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तो गरम होणार नाही. डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांच्या जाळ्या बाजूच्या काचांकडे वळवा, नाहीतर पुढचं दिसेल आणि आरसे दिसणार नाहीत. एसी चालू ठेवून दोन-तीन मिनिटं रीसर्क्युलेशन लावलं तर फार ओल्या हवेत फायदा होतो, हेही खरं. पण मिनिटं मोजून, आणि एसी बंद करण्याआधी खटका परत बाहेरच्या हवेवर आणूनच.

ज्या गाडीत एसी नाही तिथे पुढची डावी आणि मागची उजवी काच दोन-दोन बोटं खाली घ्यायची आणि ब्लोअर पुढच्या काचेवर सोडायचा. थोडा पाऊस आत येईल. येऊ द्या.

दुसरं गुपित: ‘वाफ धरली की एसी सगळ्यात थंडवर करून वारा थेट काचेवर मारा.’ आतली वाफ याने जाते, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण काच गार होते आणि मग बाहेरून पाणी धरायला लागतं. चालवणारा म्हणतो, ‘अजून गेली नाही,’ आणि आणखी थंड करतो. यावर माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, गाडीची पुस्तिका उघडा. ह्युंदाईच्या पुस्तिकांत हा इशारा स्पष्ट छापलेला असतो: खूप दमट हवेत थंड एसी चालू असताना वारा पुढच्या काचेवर सोडू नका, बाहेरच्या बाजूने वाफ धरून दिसणं बंद होऊ शकतं, वारा तोंडाच्या दिशेला वळवा आणि ब्लोअर कमी करा. टोयोटाच्या पुस्तिकांतही हाच इशारा आहे. एवढं छापलेलं असताना फॉरवर्ड बरोबर त्याच्या उलट सांगतो.

म्हणून बाहेरून धरली असेल तर एकदा वायपर, वारा काचेवरून काढून अंगाकडे, ब्लोअर कमी, आणि तापमान 25-26 वर. ऑटोमॅटिक एसी असलेल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. पुढच्या काचेचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्यांत एसी आणि बाहेरची हवा आपोआप चालू होते. पण तापमान तुम्ही 18 वर ठेवलेलं असेल तर तीच गार हवा काचेवर जाते.

तिसरं, ‘कापलेला बटाटा, तंबाखू किंवा रॉकेलचा बोळा आतून फिरवा.’ तंबाखू ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती, तीही वायपर बंद पडल्यावर काचेच्या बाहेरून चोळायची. आतून नाही. बटाट्याच्या रसाचा थर सुकला की रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडताच काच पिठूळ दिसते. रॉकेल बंद गाडीत नको. वास आणि डोकेदुखी तर आहेच, ते पेटतंही.

शेव्हिंग फोमचं चौथं गुपित चालतं, मान्य. साबणामुळे पाणी थेंबाथेंबाने न धरता पातळ पसरतं, म्हणून आरपार दिसतं. पण आधी काच स्वच्छ हवी. लिंबाएवढा फेस पातळ पसरवा, दोन मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने एकही रेघ राहणार नाही इतका पुसा. दोन-चार दिवस टिकतो. मागच्या काचेवर तारा असतील तर आडवंच पुसा, तारांच्या रेषेत. गाडीतली ओल मात्र तो एक थेंबही कमी करत नाही.

पाचवं, डॅशबोर्डवर मिठाची पुरचुंडी. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ विरघळायला लागतं. ते खारं पाणी गाडीत गळेल तिथला पत्रा गंजेल. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची 200 ग्रॅमची पिशवीसुद्धा फार तर 60-70 ग्रॅम पाणी धरते, म्हणजे दोन माणसांचा एक तास.

ओल कमी करायचीच असेल तर पायाखाली बघा. ओल्या छत्र्या आणि कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत. मॅट रोज काढून निथळवा. पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा मुठीने दाबा. पाणी वर आलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबला असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी कोरड्या जागी गाडी उभी करून 15 मिनिटं एसी चालवा. खाली थेंब पडले पाहिजेत. पाइप तुंबला असेल तर कमी दाबाच्या हवेने साफ करून घ्या, तार खुपसू नका, कॉइलला भोक पडेल. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा. आणि काचेवरची वाफ तेलकट असेल, गोडसर वास येत असेल, तर ती पावसाची नाही. हीटरमधून कूलंट गळतोय, थेट गॅरेजला न्या.

सहावं, ‘दिसेनासं झालं तर हझार्ड लाइट लावून हळूहळू चालत राहा.’ नाही. हझार्ड चालू असताना तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळत नाही, आणि तुम्हाला तर समोरचंच दिसत नाहीये. हाताने पुसत चालवू नका, तळहाताचा तेलकटपणा बसून काच आणखी खराब होते. डावा इंडिकेटर देऊन वळणापासून लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर जागा मिळेल तिथे थांबा. हझार्ड तिथे लावा. इंजिन चालू ठेवून वर सांगितलेली बटणं लावा आणि बाजूच्या काचांसकट सगळं लख्ख झाल्यावरच निघा.