इंजिन आधीच गरम का करून ठेवता?

जुना डिझेल पिकअप बघायला जावं, तर इंजिन दरवेळी गरम! बॉनेटला हात लावला की चटका, आणि मालक म्हणतो, "आत्ताच जरा फिरवून आणला." अहो, खरी परीक्षा थंड इंजिनाचीच असते. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) गेलेत का, इंजेक्टर (डिझेल फवारणारे) गळतायत का, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) उतरलंय का, हे पहिल्या स्टार्टलाच कळतं. पांढरा धूर थोडा येऊन थांबला तर ठीक. निळा येतच राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइल फिलरचं झाकण सैल करून बघा: वाफेचा जोरदार झोत आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात म्हणून समजा.

आणि ते "कितीही ओढतो हो" तर ऐकवत नाही. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकवर येतो आणि तो पेलोडमधूनच, म्हणजे गाडीला पेलवणाऱ्या वजनातूनच वजा होतो. 3000 किलोचा ट्रेलर म्हणजे 300 ते 450 किलो. माणसं, सामान वेगळं. दाराच्या खांबावरचं पेलोडचं लेबल वाचायला काय जातं? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं असेल, तर आतल्या क्लच प्लेटा भाजून निघाल्यात. हेच ऑइल दाखवायला नेमकी टाळाटाळ होते.